सायलेन्सर बदलून ॲव्हरेज वाढतं का?

'फ्री-फ्लो एक्झॉस्ट टाका, गाडीचा पिकअप वाढेल आणि ॲव्हरेजही सुधारेल,' हे आश्वासन ॲक्सेसरीजच्या दुकानांतून, गॅरेजांतून आणि गाडीवेड्या मित्रांच्या गप्पांतून गेली कित्येक वर्षं फिरतं आहे. त्यामागचा तर्क पटण्यासारखा आहे. इंजिन म्हणजे हवा आत ओढणारा आणि जळालेला वायू बाहेर ढकलणारा पंप. बाहेरची वाट मोकळी केली की पंपाचे श्रम वाचणार आणि वाचलेले श्रम चाकांना मिळणार. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. श्रम वाचतात किती, एवढंच कुणी सांगत नाही, आणि सगळा व्यवहार त्या एका आकड्यावर अवलंबून आहे. तो आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. शाळेतलं गणित आणि आपल्याच गाडीचं ॲव्हरेज पुरतं. तो काढला की दिसतं ते असं: आजच्या धडधाकट पेट्रोल गाडीत एक्झॉस्ट बदलून ॲव्हरेज वाढत नाही. ताकद वाढते ती थोडी, आणि आपण क्वचितच जातो अशा आरपीएमवर. उलट, एक्झॉस्ट आजारी असेल तर तो खरोखर पेट्रोल खातो, आणि तिकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

आधी गाडीखाली काय असतं ते पाहू. सिलिंडरमधून निघालेला वायू एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो, तिथून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये शिरतो, मग लांब पाइप, काही गाड्यांत मधला रेझोनेटर, शेवटी मागचा सायलेन्सर आणि टेलपाइप. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर. हा थर अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे तापला की काम सुरू करतो. गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटातच सर्वाधिक प्रदूषण बाहेर पडत असल्याने तो लवकरात लवकर तापणं गरजेचं असतं. म्हणून १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या बहुतेक गाड्यांमध्ये कन्व्हर्टर इंजिनाला अगदी खेटून, मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. काही इंजिनांत तर मॅनिफोल्ड ही वेगळी वस्तूच उरलेली नाही. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनात तो सिलिंडर हेडच्याच ओतकामात आहे. त्यामुळे 'हेडर, म्हणजे मॅनिफोल्डच्या जागी येणारे पाइप, बदलून घ्या' या सल्ल्याचा आजच्या गाडीत अर्थ बहुधा 'कन्व्हर्टर काढून टाका' असाच निघतो. त्याकडे पुढे येऊच.

मग एक्झॉस्ट बदलला की गाडी पळते ही समजूत आली कुठून? ती हवेतून आलेली नाही, हे मान्य करायला हवं. टू-स्ट्रोक इंजिनात ती अक्षरशः खरी होती. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. ताजं मिश्रण आत येत असतानाच जळालेला वायू बाहेर जात असतो, आणि ताज्या मिश्रणातला काही भाग त्याच्याबरोबर फुकट निसटतो. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात फुगीर पोटाच्या एक्झॉस्टचा, म्हणजे एक्स्पान्शन चेंबरचा, असा कसून अभ्यास केला, की परतून येणारी दाबाची लाट निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलू लागली. १९६१ मध्ये त्याचं १२५ सीसीचं रेसिंग इंजिन २५ अश्वशक्तीपर्यंत पोचलं होतं. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेगनर पळून पश्चिमेकडे गेला आणि हे ज्ञान सुझुकीकडे पोचलं, हा मोटारस्पर्धांच्या इतिहासातला गाजलेला प्रसंग आहे. आपल्याकडे १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० वर ज्यांची पिढी वाढली, त्यांनी चेंबर बदलल्यावर गाडीचा स्वभाव पालटतो हे स्वतः अनुभवलं. ओबडधोबड बिडाचे मॅनिफोल्ड असलेल्या जुन्या कार्बोरेटर गाड्यांतही नीट घडवलेला हेडर आणि त्याला जुळवलेले जेट यांनी फरक पडत असे. समजूत खरी होती, पण ती ज्या इंजिनांबद्दल होती ती इंजिनं आता रस्त्यावर उरलेली नाहीत.

फोर-स्ट्रोकमध्येही लाटेचा खेळ असतो, फक्त सौम्य. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाचा धक्का पाइपमधून निघतो. तापलेल्या वायूत त्याचा वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास असतो. पाइप जिथे मोठ्या पाइपला मिळतो तिथून तो उलटून परततो, पण परतताना तो दाब नसून ओढ असते. ही ओढ नेमकी दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना पोचली तर उरलासुरला धूर बाहेर खेचते आणि ताजी हवा जास्त आत येते. रेसिंगमधले ४-१ किंवा ४-२-१ हेडर याच हिशोबाने लांबी मोजून बनवतात. अडचण अशी की पाइपची लांबी ठरलेली आहे, लाटेचा वेगही जवळजवळ ठरलेला आहे, पण इंजिनाचा फिरण्याचा वेग बदलत राहतो. ६००० आरपीएमला क्रँकशाफ्टची एक फेरी सेकंदाच्या शंभराव्या भागात होते, ३००० ला तिला दुप्पट वेळ लागतो. सहा हजाराला वेळेवर पोचणारी ओढ तीन हजाराला फार लवकर येऊन संपून जाते. म्हणजे एका टप्प्यावर कमावलं तर दुसऱ्या टप्प्यावर थोडं गमवावं लागतं. 'इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच' हे वाक्य याच निरीक्षणातून जन्मलं आणि ते चुकीचं आहे. बॅकप्रेशर, म्हणजे वायूला उलटून मिळणारा दाब, कोणत्याच इंजिनाला हवा नसतो. इंजिनाला हवा असतो वायूचा वेग आणि लाटेची वेळ. गरजेपेक्षा जाड पाइप टाकला की अडथळा कमी होतो, पण वेगही मरतो आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क ढिला पडतो. आपल्या शहरांत गाडी चालते ती बहुतेक वेळ दीड ते तीन हजार आरपीएममध्ये. तिथला टॉर्क गेला की चालक एक गिअर खाली उतरतो आणि पेट्रोल जास्त जातं.

आता तो हिशोब. १२०० सीसीची, ८०-८५ बीएचपीची साधी पेट्रोल हॅचबॅक घ्या. ६००० आरपीएमला, पाय फरशीला टेकवून, फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा भरतं. मिनिटाला ३००० वेळा १.२ लिटर, म्हणजे ३६०० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाही हे धरून वजनात मोजलं तर तासाला साधारण सव्वादोनशे किलो हवा. हीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने लिटरला २० किलोमीटर देत असेल तर तासाला ३ लिटर, म्हणजे सुमारे २.२ किलो पेट्रोल लागतं. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या १४.७ पट हवा लागते. म्हणजे तासाला ३२-३३ किलो हवा, पूर्ण ताकदीच्या तुलनेत जेमतेम सातवा हिस्सा. पाइपमधला अडथळा मात्र प्रवाहाच्या प्रमाणात वाढत नाही, तो प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह सातपट कमी, तर अडथळा जवळपास पन्नासपट कमी. पूर्ण ताकदीला बॅकप्रेशर २५ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पाव, धरलं तर ६० च्या वेगाला ते अर्ध्या किलोपास्कलवर येतं. अर्धा किलोपास्कल म्हणजे पाण्याचा पाच सेंटिमीटर उंचीचा स्तंभ. एवढ्या वेगाला सिलिंडरमध्ये सरासरी उपयोगी दाब साडेतीनशे-चारशे किलोपास्कल काम करत असतो. म्हणजे सायलेन्सरच काय, अख्खा एक्झॉस्ट काढून फेकला तरी हजारात एखादा भाग वाचेल. लिटरमागे वीस-पंचवीस मीटर. पाइप काढून टाकायचा नसून बदलायचा आहे, म्हणजे त्याच्याही निम्मं. दोन-तीन किलोमीटरच्या आश्वासनाशेजारी हे दहा-बारा मीटर ठेवून पाहावेत.

याच वेगाला इंजिन दुसऱ्या टोकाला काय सोसत असतं ते पाहिलं की चित्र पूर्ण होतं. ॲक्सिलरेटर थोडाच दाबलेला असल्याने थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली असते आणि इनटेक मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या निम्म्यावर आलेला असतो. म्हणजे पिस्टन हवा ओढताना पन्नासेक किलोपास्कलशी झगडतो आणि ढकलताना अर्ध्या किलोपास्कलशी. शंभरास एक. पेट्रोल गाडीचं शहरातलं पंपिंगचं नुकसान थ्रॉटलपाशी होतं, टेलपाइपपाशी नाही. या तर्काला पूरक असा एक मोजलेला पुरावा अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत मिळतो. त्यांनी इंधन-इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांचे एअर फिल्टर मुद्दाम चोंदवले. ॲक्सिलरेशन मंदावलं, पण ॲव्हरेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. कारण सरळ आहे: रोजच्या चालवण्यात इंजिनाला पूर्ण हवा नकोच असते. चोंदलेल्या फिल्टरची भरपाई थ्रॉटल किंचित जास्त उघडून होते. ज्या वाटेने गर्दीच जात नाही ती वाट रुंद करून काय मिळणार?

कुणी म्हणेल, ६० च्या वेगाचा हिशोब सोयीचा आहे, समृद्धी महामार्गावर १२० ने जाणाऱ्याचं काय? रास्त आक्षेप. १२० ला हीच गाडी लिटरला १३ देत असेल तर तासाला सव्वानऊ लिटर पेट्रोल आणि शंभर किलो हवा लागते. बॅकप्रेशर पाच किलोपास्कलच्या आसपास जातं. तिथे एक्झॉस्ट बदलून ते निम्मं केलं तर बचत होते तीन-चार सहस्रांश, म्हणजे लिटरमागे सुमारे ५० मीटर. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या प्रवासात पाव लिटरही वाचत नाही. त्याच रस्त्यावर १२० ऐवजी १०० ने गेलं तर हवेचा रोध तीस टक्क्यांनी घटतो, कारण तोही वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यासाठी दमडीही खर्चावी लागत नाही.

ताकदीचं गणित थोडं वेगळं आहे आणि तिथे फ्री-फ्लोवाल्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. पूर्ण थ्रॉटलला बॅकप्रेशर २५ वरून १२-१३ किलोपास्कलवर आणलं तर सिलिंडरमधल्या हजारेक किलोपास्कलच्या सरासरी दाबाच्या तुलनेत एक-सव्वा टक्का थेट मिळतो. शिवाय धूर कमी उरल्याने ताजी हवा थोडी जास्त येते. सगळं जमून आलं तर दोन-तीन टक्के. ८० बीएचपीवर दोन बीएचपी, तीही पाच-साडेपाच हजारांच्या पुढे. ट्रॅकवर सेकंदाचे भाग मोजणाऱ्याला ही कमाई मोलाची आहे आणि तो पैसे मोजतो ते समजून मोजतो. पण सिग्नलपासून सिग्नलपर्यंत जाणाऱ्या गाडीत ही दोन बीएचपी वर्षातून किती मिनिटं वापरली जाईल याचा विचार मालकाने करावा. आणि एवढा लहान फरक सिद्ध करणंही सोपं नाही. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एकच गाडी सकाळी आणि दुपारी लावली तरी तापमान, आर्द्रता, टायरचा दाब यांमुळे दोन-तीन टक्क्यांचा फरक येऊ शकतो. बदलाआधी तीन आणि बदलानंतर तीन फेऱ्या, त्याच दिवशी, त्याच डायनोवर, हवामानाची दुरुस्ती लावून घेतल्या नसतील तर तो आलेख पुरावा ठरत नाही.

इथे एक जुना आणि वजनदार प्रतिवाद येतो: कंपन्या पैसे वाचवायला स्वस्त सायलेन्सर लावतात, आवाजाच्या नियमांपायी इंजिनाचा गळा आवळतात, त्यामुळे सुधारणेला वाव असतोच. आवाजाचं म्हणणं खरं आहे. वरच्या आरपीएमला थोडी ताकद कंपनी जाणूनबुजून सोडते, आणि वर काढलेले दोन-तीन टक्के तेच. पण ॲव्हरेजच्या बाबतीत कंपनीचं हित ग्राहकाच्या बाजूलाच आहे. प्रमाणपत्रातला ॲव्हरेजचा आकडा मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकलवर निघतो. ११८० सेकंदांची ही चाचणी आहे, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये ती होते. तो आकडा जाहिरातीत झळकतो. शिवाय २०१७-१८ पासून कंपनीच्या साऱ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा आहे. आधी ती किलोमीटरला १३० ग्रॅम होती, २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम आहे. एकेका ग्रॅमासाठी कंपन्या कमी रोधाचे टायर बसवतात, पातळ इंजिन ऑइल देतात, स्टॉप-स्टार्ट यंत्रणा घालतात. पाइप अर्ध्या इंचाने रुंद करून लिटरमागे दोन किलोमीटर मिळत असते तर तो पाइप कारखान्यातूनच आला असता. त्याचा खर्च टायरपेक्षा कितीतरी कमी आहे.

'पण माझं ॲव्हरेज खरंच वाढलं,' असं सांगणारे प्रामाणिक लोक भेटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. त्यांची मोजणी कच्ची असते. डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून संगणकाने केलेला अंदाज असतो. पंपावर नोझल कधी ऑटो-कट होतो यात लिटरभराचा फरक सहज पडतो, आणि ३० लिटरच्या भरण्यात एक लिटर म्हणजे तीन टक्के. काम करताना बॅटरी काढलेली असते, त्यामुळे संगणकाने शिकून ठेवलेल्या इंधनाच्या दुरुस्त्या पुसल्या जातात आणि काही दिवस गाडी वेगळी वागते. सर्वांत मोठं कारण चालकाचा पाय. खर्च केल्यावर माणूस लक्ष देऊन चालवतो. नव्या सायलेन्सरच्या भरदार आवाजामुळे कमी आरपीएमलाही गाडी जोरात असल्यासारखी वाटते आणि तो लवकर वरचा गिअर टाकतो. या वाढीचं श्रेय पाइपला देणं चूक आहे. खात्री करायची असेल तर टाकी फुल्ल ते फुल्ल अशी, त्याच पंपावर, त्याच मार्गावर, टायरमध्ये तीच हवा ठेवून, बदलाआधी आणि बदलानंतर किमान पाच-पाच टाक्यांची नोंद ठेवावी.

कन्व्हर्टर काढण्याच्या सल्ल्याबद्दल मात्र मवाळ बोलता येत नाही. चांगल्या स्थितीतल्या कन्व्हर्टरचा अडथळा एकूण अडथळ्याचा एक भाग असतो, आणि तो वर केलेल्या हिशोबात धरलेलाच आहे. तो काढून रोजच्या चालवण्यात काही हाती लागत नाही. जातं ते फार मोठं. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचा बहुतांश भाग हा डबा निरुपद्रवी करतो. आपल्याकडे तो यावा म्हणून १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिसं कन्व्हर्टरमधल्या मौल्यवान धातूंच्या थरावर बसून तो निकामी करतं. २००० सालापर्यंत देशभरातून शिसंयुक्त पेट्रोल हद्दपार झालं. आपल्या मुलांच्या रक्तातलं शिसं कमी होण्यात या निर्णयाचा वाटा आहे. एवढ्या प्रयासाने आलेली गोष्ट कापून भंगारात घालायची आणि धूर मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर सोडायचा, याचं समर्थन होऊ शकत नाही. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून गाडी बदलता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. हवा आणि आवाजाची मानकं मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या खेपेला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्रता. शिवाय दुसरा ऑक्सिजन सेन्सर कन्व्हर्टर काम करतो का हेच पाहायला बसवलेला असतो. कन्व्हर्टर गायब झाला की चेक इंजिनचा दिवा लागतो. मग त्या सेन्सरला फसवायला स्पेसर, त्यानंतर संगणकातली छेडछाड, असा खर्च वाढत जातो आणि गाडीची वॉरंटी धोक्यात येते.

टर्बो गाड्यांत एक्झॉस्टचा प्रभाव जास्त असतो, हे खरं. टर्बाइनच्या मागचा दाब उतरला की टर्बो लवकर फिरू लागतो. पण बूस्ट किती द्यायचा ते संगणक ठरवतो, त्यामुळे नुसता डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरचा पाइप, बदलून फार काही होत नाही. टर्बो गाड्यांत दिसणारी मोठी वाढ रिमॅपची असते, म्हणजे जास्त बूस्ट आणि जास्त इंधनाची. डिझेलमध्ये प्रश्न वेगळाच आहे. बीएस-६ डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो आणि साठलेली काजळी जाळायला त्याला सहाशे अंशांच्या आसपास ताप लागतो. रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे जळणं पूर्ण होत नाही, फिल्टर चोंदतो, बॅकप्रेशर खरोखर वाढतं आणि ॲव्हरेज खरोखर पडतं. त्यावर उपाय डीपीएफ काढणं हा नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर सलग चालवणं हा आहे. ज्याचा प्रवास मुळातच शहरातला आणि तुटक आहे, त्याने बीएस-६ डिझेल गाडी घेऊच नये असं माझं मत आहे.

आता जिथे पेट्रोल खरोखर वाचू शकतं तिकडे वळू. पहिल्या ऑक्सिजन सेन्सरला लॅम्डा सेन्सरही म्हणतात. बॉशने तो १९७६ मध्ये व्होल्व्हो २४० गाडीत पहिल्यांदा दिला. आजही साध्या झिर्कोनिया सेन्सरचं काम तेच आहे: धुरात ऑक्सिजन उरला तर ०.१ व्होल्टकडे झुकायचं, नाही उरला तर ०.९ व्होल्टकडे. या इशाऱ्यावर संगणक सेकंदागणिक पेट्रोल कमी-जास्त करतो. समजा मॅनिफोल्डच्या गास्केटपाशी, सेन्सरच्या आधी, बारीक चीर पडली. दाब बाहेर जाताना तिथून धूर निसटेल हे कुणालाही कळतं. लक्षात येत नाही ते असं, की दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी पाइपमधला दाब वातावरणाच्याही खाली जातो आणि त्याच चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला त्या हवेतला ऑक्सिजन दिसतो, संगणकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो गरज नसताना पेट्रोल वाढवतो. सुस्तावलेला जुना सेन्सरही असाच घोळ घालतो. बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर बदलल्याने काही प्रसंगी ॲव्हरेज चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, असं अमेरिकी सरकारच्या इंधन-बचतीच्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. हा टोकाचा आकडा आहे, प्रत्येकाला तेवढं मिळणार नाही. पण कोणताही फ्री-फ्लो याच्या जवळपास फिरकू शकत नाही.

ही चीर शोधायला फार काही लागत नाही. सकाळी गार इंजिन सुरू करताच बॉनेटखालून टिकटिक येते आणि पाच मिनिटांनी गाडी तापल्यावर थांबते, कारण लोखंड प्रसरण पावून फट मिटते. ही फुटक्या मॅनिफोल्डची किंवा गास्केटची खूण. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसतो. मेकॅनिक टेलपाइपवर ओलं फडकं क्षणभर दाबून धरतो आणि साथीदार गाडीखाली फुसफुस कुठून येते ते ऐकतो. बीएस-६ गाडीत ओबीडी स्कॅनर लावून लाँग-टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकाने शिकून ठेवलेली इंधनाची दुरुस्ती, पाहावा. तो पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, दहाच्या पुढे गेला असेल तर कारण शोधायलाच हवं. गळती जिवाशीही खेळू शकते. काचा लावून एसीत बसलेल्यांच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड मिसळला तर त्याला वास नसतो, रंगही नसतो.

कन्व्हर्टर चोंदला तर गाडी चढावर दम टाकते, आरपीएम वाढवूनही पळत नाही, आणि खालून नेहमीपेक्षा जास्त आच येते. पण तो स्वतःहून क्वचितच चोंदतो. एखादा स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल मिसफायर करत राहिली की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि चिनी मातीची जाळी वितळते. म्हणून मिसफायर आठवडाभरही अंगावर काढू नये. मेकॅनिकने पहिला सेन्सर काढून त्या छिद्रात प्रेशर गेज लावला की निदान होतं: २५०० आरपीएमला साधारण तीन पीएसआयच्या वर दाब दिसला तर वाट अडलेली आहे. मागचा सायलेन्सर मात्र बहुधा गंजून जातो, तोही आतून. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांब प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं, जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सरच्या पोटात साठतं. त्यासाठी तळाशी एक बारीक भोक ठेवलेलं असतं, आणि काही जण ते 'लीक' समजून वेल्डिंगने बुजवून टाकतात. कोकणात खाऱ्या हवेने बाहेरून आणि या पाण्याने आतून, असा दोन्हीकडून गंज चढतो. अशा वेळी बदलायचाच आहे तर मूळ मापाचा, शक्य असल्यास स्टेनलेस स्टीलचा सायलेन्सर बसवावा. त्याने ॲव्हरेज वाढणार नाही, पण तो जास्त वर्षं टिकेल.

एक्झॉस्टवर पाच आकडी रक्कम घालायचं मनात असेल, तर आधी त्यातला छोटा हिस्सा स्कॅनिंग, गास्केटची तपासणी, प्लग आणि टायरमधली हवा यांवर खर्च करा. चारही टायरमध्ये हवा एक पीएसआयने कमी असली तरी ॲव्हरेज ०.२ टक्क्यांनी उतरतं. शहरात अख्खा एक्झॉस्ट काढूनही एवढं मिळत नाही. एवढं करूनही फ्री-फ्लोचा मोह सुटला नाही, तर दुकानदाराकडे तुमच्याच मॉडेलचे, एकाच दिवशी काढलेले, बदलाआधीचे आणि नंतरचे डायनो आलेख मागा, आणि बदल कायदेशीर असल्याचं लेखी मागा. हे दोन्ही कागद हातात येईपर्यंत पैसे देऊ नका.